विचारांच्या खोडी, वाचता वाचता

माणूस विचार करताना कुठे घसरतो हे समजून घ्यायला मी डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांपासून सुरुवात केली. त्यांच्या १९७४ च्या लेखातला चक्राचा प्रयोग डोक्यातून जात नाही. आकड्यांचं चक्र मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काडीचाही संबंध नाही! कोथरूडला फ्लॅट बघत फिरताना, एजंट किंमत बोलायच्या आत मी आमचा आकडा डायरीत लिहायला लागले, ते यामुळेच.

पण फक्त मानसशास्त्र वाचून बायसची, म्हणजे विचारातल्या या ठरावीक खोडींची, नावं तेवढी पाठ होतात. म्हणून नगर वाचन मंदिरातून कधी संख्याशास्त्र, कधी महायुद्धाचा इतिहास आणत गेले. तिथेच संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड भेटला. परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून, न परतलेल्यांचं काय झालं असेल ते त्याने गणिताने काढलं.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा १९६० चा प्रयोग तर मी भाचीवरच करून बघितला. २, ४, ६ माझ्या नियमात बसतात, नियम ओळख.

"८, १०, १२?" बसतात. "२०, २२, २४?" बसतात.

"मावशी, सोप्पंय! दोन-दोनने वाढतात."

नियम इतकाच होता की पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. ६, ४, २ विचारून बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. आपल्याला 'हो' ऐकायचं असतं, आणि प्रश्नही तसेच सुचतात.

सगळ्यात जास्त शिकवलं ते कानेमानच्या टीकाकारांनी. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर म्हणतो, टक्क्यांऐवजी 'हजारात इतके' असं मांडलं की लोकांच्या बऱ्याच चुका कमी होतात. आणि कानेमानच्या २०११ च्या पुस्तकातले प्रायमिंगचे (आधी दिसलेल्या शब्दाचा किंवा चित्राचा पुढच्या वागण्यावर नकळत परिणाम होतो, असं सांगणारे) काही प्रयोग पुन्हा करून बघितल्यावर टिकले नाहीत. लहान नमुन्यांवर आपण जास्त भरवसा ठेवला, हे त्याने स्वतः मान्य केलं. त्याच चुकीबद्दल त्याने आणि ट्वर्स्कीने १९७१ मध्येच लिहिलं होतं! हे वाचून माझा त्याच्याबद्दलचा आदर वाढलाच. आता कुठलंही नवं पुस्तक हातात घेतलं की त्याच्या विरोधात कोणी काय लिहिलंय, ते मी आधी शोधते.