डोनातेल्लोची मग्दालिया

आज फ्लॉरेन्सला दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या म्युझियममध्ये गेलो होतो. पाय तुटायची वेळ आली होती, म्हटलं एक चक्कर मारू आणि कॉफी प्यायला निघू. तिथे ही उभी.

शिल्पकार डोनातेल्लोची मेरी मग्दालिया, म्हणजे येशूची शिष्या. १५व्या शतकाच्या मध्याची, पॉपलरच्या लाकडात कोरलेली, जवळजवळ माणसाच्याच उंचीची. चित्रांमधली देखणी, लांब केसांची मग्दालिया डोक्यात घेऊन गेलो होतो. ही म्हणजे हाडांचा सापळा! गाल बसलेले, उघड्या तोंडात मोजके दात, आणि अंगावर कपडा म्हणून स्वतःचेच गुडघ्यापर्यंत आलेले, जटा झालेले केस. आख्यायिकेप्रमाणे तिने ३० वर्षं एकांतात तप केलं. ती सगळी वर्षं मानेच्या शिरांत दिसतात. माझी नजर मात्र हातांवर अडकली. प्रार्थनेला जोडायला आणलेत, पण तळवे अजून टेकलेले नाहीत. मधे बोटभर फट.

कित्येक वर्षं लोकांना ती नुसती काळपट तपकिरी माहीत होती. ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदीला पूर आला, ती तेव्हा जिथे होती त्या बाप्तिस्तेरीत (कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीत) पाणी घुसलं आणि मूर्ती चिखलात माखली. मग साफसफाई करताना वरचे थर निघाले, तर खाली उन्हाने रापलेल्या कातडीचा रंग आणि केसांत सोनं! पूर आला नसता तर कोणी खरवडून बघितलं असतं का, कोण जाणे.

ते सोनं बघायला मी चक्क उकिडवा बसलो. गार्ड हसला. कॉफी राहिलीच.