मावशींचा सल्ला

"सुई तुमी मारनार का ह्यो पोरगा?" बीडकडच्या एका मावशींनी आज थेट विचारलं.

मानेला थायरॉइडची गाठ, सुईनं त्यातल्या पेशी काढून तपासायच्या, आणि पोरगा म्हणजे आमचा एमडी पॅथॉलॉजीचा रेसिडेंट. म्हणलं मावशी तोच मारणार, मी इथंच उभाय. तर म्हणे, "मग त्याला म्हना घाई करू नको, मी काय पळून चालले का."

खरं सांगू, एवढं नेमकं आमच्या सिलॅबसमध्ये पण लिहिलेलं नाही.

सुई बरोबर गेली, मटेरियल झकास आलं, पण काचेवर पसरवलं की लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायचं असतं, तर हा बरणीचं झाकण उघडत बसला, वर पंखा फुल, बाहेर मराठवाड्याचं मे महिन्याचं ऊन, बघता बघता स्मिअर, म्हणजे काचेवरचा थर, वाळला. पेशी रंगवायला वाळलेला थर एमजीजी स्टेनला चालतो, पॅप स्टेनला नाही, त्यात पेशींची केंद्रकं फुगून पुसट दिसतात आणि मग कॅन्सर आहे का नाही यावर नुसता काथ्याकूट. दुसऱ्या काचेच्या वेळी मात्र पठ्ठ्यानं बरणी आधीच उघडून ठेवली!

थायरॉइडचं सँपल पुरेसं म्हणायला पेशींचे साधारण 6 पुंजके, प्रत्येकात निदान 10 पेशी पाहिजेत, हे बेथेस्डा या रिपोर्टिंग पद्धतीचं गणित पोरांना झोपेतही पाठ. पण ते पुंजके काचेपर्यंत धड आणायचे कसे, हे लॉगबुकात कुठं मोजतात? त्यात आता बऱ्याच गाठींना सोनोग्राफीवालेच सुई घालतात, आमच्या पोरांकडं थेट काचा येतात.

तुमच्याकडं रेसिडेंट पेशंटपर्यंत पोचतात का, का मायक्रोस्कोपलाच चिकटलेत?