सरळ फिरताना गळणारे इंजिन आणि शाफ्टवरचे न दिसणारे आटे

मागील नोंद क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणारा दांडा) तयार होऊन क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याच्या पेटीत, बसला, इथपर्यंत आली होती. होडीसाठी करायला घेतलेल्या या उभ्या वाफेच्या इंजिनाचा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ३० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) तेवढाच आहे. क्रँककेस बंदिस्त असून तिच्या तळाशी तेल असते, आणि शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे १५ मिमीचा रबरी ऑइल सील आहे. बॉयलर अजून झालेला नसल्यामुळे श्रावणात पाऊस उघडलेला पाहून इंजिन पडवीत कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवले. ते चालले छान, पण अर्ध्या तासात सीलखालच्या पाटावर तेलाचा रुपयाएवढा डाग पडला.

सील बदलला, तरी गळती तशीच राहिली. शाफ्टच्या फिनिशवर संशय घ्यायला मी तयार नव्हतो, कारण या इंजिनात सर्वांत जास्त विचार मी त्याच जागेवर केला होता. सीलच्या ओठाखालील, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेखालील, पृष्ठभागासाठी कॅटलॉगांतून साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए (खरखरीतपणाचे सरासरी माप) सांगितलेला असतो. त्याहून खरखरीत शाफ्ट ओठ झिजवतो, हे कोणालाही सुचेल. पण आरशासारखा शाफ्टही चालत नाही, कारण ओठ प्रत्यक्षात तेलाच्या अतिशय पातळ थरावर चालतो आणि तो थर धरून ठेवायला पृष्ठभागावर काहीच नसेल तर रबर तापून कडक होते.

मी ०.४ चे, म्हणजे जुन्या ड्रॉइंगमधल्या एन-५ या खरखरीतपणाच्या दर्जाचे, लक्ष्य ठरवले होते. लेथवर हे कसे गाठायचे याचा हिशेब सोपा आहे: फीडच्या (शाफ्टच्या एका फेऱ्यात टूल जेवढे पुढे सरकते त्या अंतराच्या) वर्गाला टूलच्या टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागले की चढ-उताराची उंची मिळते, आणि आरए साधारणपणे तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा येतो. टोकाची त्रिज्या ०.४ मिमी आणि फीड ०.१ मिमी असेल तर उंची सुमारे ३.१ मायक्रॉन आणि आरए ०.८ च्या आसपास निघतो. फीड निम्मा केला की कागदावर तो ०.२ वर उतरतो. प्रत्यक्षात माइल्ड स्टीलवर कमी वेगाने काम करताना धारेवर धातूचा थर चिकटतो, तो मधूनच तुटून पृष्ठभागावर ओरखडे पाडतो, आणि कागदावरचा आकडा कागदावरच राहतो. म्हणून मी बारीक फीडने शेवटचा कट घेऊन वर पॉलिश पेपर फिरवला. मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही. ठरावीक खरखरीतपणाचे नमुने असलेल्या पट्टीवर आणि शाफ्टवर आळीपाळीने नख ओढून आणि बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहून ०.४ जमल्याची खात्री करून घेतली होती.

गळतीची खरी खूण हाती आली ती योगायोगानेच. इंजिन उलटे फिरवणारे रिव्हर्सचे लिंक जुळवताना इंजिन बराच वेळ उलटे चालवावे लागले, आणि नंतर पाहतो तो पाट कोरडा! सरळ फिरवले की थेंब, उलटे फिरवले की काही नाही. शाफ्ट काढून देवगड बंदराजवळ ट्रॉलरांचे शाफ्ट टर्न करणाऱ्या एका जुन्या टर्नरकाकांकडे नेला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून सावकाश फिरवला आणि म्हणाले, "अरे, तू शाफ्टार आटेच पाडलंस, तेलाक वाट गावली."

घरी येऊन त्यांनीच सांगितलेली दोऱ्याची परीक्षा केली, तिचे वर्णन सविस्तर देतो, कारण तिला खर्च काहीच नाही. शाफ्ट लेथवर आडवा, नीट समपातळीत धरायचा, सीलच्या जागेवर पातळ तेलाचा हात फिरवायचा, आणि शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक वर बांधून दोरा शाफ्टभोवती अर्ध्या वेढ्याहून थोडा जास्त घालायचा. दुसऱ्या टोकाला लहानसा नट लटकवायचा. मग शाफ्ट हळू फिरवत राहायचे. माझा दोरा मिनिटाभरात चकच्या (शाफ्ट पकडणाऱ्या जबड्याच्या) दिशेने सरकत गेला आणि फिरण्याची दिशा उलटवताच तितक्याच निमूटपणे परत आला. दोन्ही वेळा तो एकाच बाजूला गेला असता तर दोष उताराचा किंवा शाफ्टच्या निमुळतेपणाचा असता. दिशा उलटल्यावर तो परतला, याचा अर्थ पृष्ठभागावर मळसूत्र आहे. टर्निंगच्या प्रत्येक फीडची खूण म्हणजे एक अतिशय उथळ आटा असतो, आणि मी पॉलिश पेपर हाताने आडवा सरकवत नेल्यामुळे तो पुसला जाण्याऐवजी त्यावर दुसरा आटा चढला होता. आरए ही सरासरी आहे. चढ-उतार किती, एवढेच ती सांगते, ते कोणत्या दिशेने पसरले आहेत हे तिच्यात येत नाही.

यावरचा चोख उपाय म्हणजे चाक आडवे न सरकवता, सरळ आत नेऊन केलेले ग्राइंडिंग. ते माझ्या आवाक्यात नसल्याने सीलच्या ओठाहून रुंद, तेल लावलेली चारशे नंबरच्या पेपरची पट्टी एकाच जागी घट्ट धरून, बाजूला तसूभरही न हलवता, शाफ्ट दोन्ही दिशांना आळीपाळीने फिरवत ठेवला. दोन शतांश मिमी गेले, ते सीलला चालतात. दोरा आता जागचा हलत नाही.

या प्रकारानंतर उरलेल्या भागांचे आकडेही पुन्हा पाहिले. सिलिंडर बिडाचा आहे. त्याला आरसा करण्याचा माझा बेत होता, तो सोडून होन (घासणारे दगड आतून फिरवण्याचे हत्यार) मारून तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ठेवल्या, कारण तेल त्या खाचांतच टिकते आणि रिंग मधल्या सपाट भागावर चालते. ज्या पृष्ठभागावर टोके वर आली आहेत आणि ज्यावर नुसत्या खाचा आहेत, त्या दोघांचा आरए सारखाच भरू शकतो. रिंगच्या दृष्टीने मात्र पहिला म्हणजे कानस. सिलिंडरच्या हेडच्या पॅकिंगची तोंडे ३.२ मायक्रॉन आरएवर तशीच सोडली, पॅकिंगला थोडी पकड लागतेच. इंजिनाच्या खांबांचे मात्र चुकले. ते दिसण्यापुरतेच म्हणून मोठ्या फीडने उरकले होते, आणि खाऱ्या वाऱ्यात एका रात्रीत टूलच्या रेघारेघांतून तांबूस गंज उमटला. खाचांत बसलेला खारटपणा फडक्याने निघत नाही. ते आता घासून रंगवायला काढले आहेत.

शाफ्ट परत बसवून इंजिन दोन्ही दिशांना दोन-दोन तास चालवले. पाट कोरडा आहे. गौरी-गणपतीनंतर स्लाइड व्हॉल्व्हचे (सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या सरकत्या झडपेचे) तोंड लॅप करायला, म्हणजे बारीक पूड लावून घासून सपाट करायला, घेईन.