चाळीस कुंडल्या आणि एक नाणे

विज्ञान-साक्षरता म्हणजे माहितीचा साठा, असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रकाशाचा वेग किंवा पेशीचे भाग दहावीनंतर विसरले, तरी सामान्य माणसाचे फारसे बिघडत नाही. एखादा दावा तपासायचा कसा, हे मात्र त्याला रोज लागते, आणि तेच त्याला कुणी नीट शिकवलेले नसते. म्हणूनच पुण्यात झालेली फलज्योतिषाची चाचणी मला फार मोलाची वाटते.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ती आखली होती. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या जन्मवेळा जमवून कुंडल्या मांडल्या गेल्या आणि नावांऐवजी त्यांना सांकेतिक क्रमांक दिले गेले. सहभागी ज्योतिषांना त्यांतल्या प्रत्येकी 40 कुंडल्या पाठवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच त्यांनी सांगायचे होते. उत्तरे 27 जणांकडून आली. 2008 मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा सर्वांत यशस्वी ज्योतिषाची 24 उत्तरे बरोबर निघाली होती.

चाळीसपैकी चोवीस म्हणजे साठ टक्के. परीक्षेत हा पहिला वर्ग ठरतो आणि ‘साठ टक्के भाकिते खरी ठरली’ असा मथळा सहज छापता येतो. विज्ञान-साक्षर वाचक इथे थांबून विचारतो, की काहीही न जाणणाऱ्या माणसाने नुसते नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर किती बरोबर आली असती? सरासरीने वीस. पण प्रत्येकाची नेमकी वीस येणार नाहीत. कुणाची सतरा येतील, कुणाची तेवीस. हिशेब केला तर चोवीस किंवा त्याहून अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता साधारण सातात एक निघते. म्हणजे 27 जणांनी नाणी उडवली असती, तरी तीन-चार जण तिथवर पोचलेच असते. अठ्ठावीसचा पल्ला गाठला असता तर गोष्ट वेगळी होती, कारण तितके यश योगायोगाने मिळण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे. एका संस्थेने तर सर्व 200 कुंडल्या तपासल्या आणि तिची 102 उत्तरे बरोबर आली.

या आखणीत मला सर्वाधिक आदर वाटतो तो एका गोष्टीचा: यश कशाला म्हणायचे, हे उत्तरे हाती येण्याआधीच ठरले होते. निकाल पाहून मग निकष लावला, की प्रत्येक भाकीत खरे करून दाखवता येते, आणि ही पळवाट फक्त ज्योतिषीच वापरतात असे नाही. शेअर बाजाराचे सल्लागार, क्लासच्या जाहिरातीत टॉपरांचे फोटो छापणारे, ‘आमच्या औषधाने शेकडो रुग्ण बरे झाले’ असे सांगणारे, सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा लागतो: हे न करताही काय झाले असते? साधी सर्दी आठवड्याभरात आपसूक ओसरते. त्या आठवड्यात जो काढा पोटात गेला असेल, त्याला श्रेय मिळते. काढा निरुपयोगी आहे असे यातून सिद्ध होत नाही, हेही तितकेच ध्यानात ठेवायला हवे. काढा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन सारखे गट शेजारी ठेवल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

आपल्या दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. त्यात नाणी आहेत, फासे आहेत, पत्तेही आहेत, पण ही मुले बहुधा अपूर्णांक लिहून गुण मिळवतात आणि प्रकरण तिथेच मिटते. शिक्षकांनी एकदा तीस मुलांच्या हाती एकेक नाणे द्यावे आणि प्रत्येकाला ते चाळीस वेळा उडवून छापे मोजायला सांगावे. चोवीस किंवा त्याहून अधिक छापे किती जणांचे आले ते फळ्यावर लिहावे, आणि मग या चाचणीचा निकाल वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा. एका तासिकेत हे सहज बसते.