आवाज सुरू कोठे होतो?

सॅम्पलर म्हणजे कोणताही आवाज मुद्रित करून तो पॅडवर, म्हणजे बोटाने दाबायच्या गादीवर, वाद्यासारखा वाजवू देणारे यंत्र. त्यात आवाज मुद्रित करणे हे क्षणभराचे काम आहे. त्या आवाजाची सुरुवात नेमकी कोठे आहे हे ठरवण्यात मात्र सहज अर्धी संध्याकाळ निघून जाते, आणि माझ्या मते या यंत्राची खरी गंमत तेथेच आहे. दाराची कडी सरकवल्यावर कानाला एकच ‘खट्’ ऐकू येतो. तोच आवाज मुद्रित करून पडद्यावर मोठा करून पाहिला, तर आधी खोलीची अस्पष्ट घरघर, मग धातूचे घासणे, मग आघात आणि त्यामागून विरत जाणारा कंप, असा सगळा लवाजमा दिसतो. खोलीची घरघर तशीच ठेवली, तर पॅडवर बोट पडल्यानंतर आवाज उशिरा उमटतो, आणि वीस-तीस मिलिसेकंदांचा हा आळस ठेक्यात ताबडतोब खटकतो. उलट, कात्री जरा पुढे सरकून आघातच छाटला गेला, तर उरलेला आवाज कडीचा आहे हे ओळखणेही अवघड होते.

आवाजाची ओळख त्याच्या आरंभात किती दडलेली असते, हे फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी पॅरिसमध्ये 1948 साली अनुभवले. त्यांनी घंटेच्या मुद्रणातून टोल्याचा आघात वगळला, तेव्हा मागे राहिलेला नाद घंटेचा न वाटता सुषिर वाद्याचा वाटू लागला. पुढे 1987 साली रोलँड या जपानी कंपनीच्या डी-50 या सिंथेसायझरने, म्हणजे विजेवर स्वर घडवणाऱ्या वाद्याने, याच गोष्टीचा काटकसरीने उपयोग केला. त्या काळी यंत्रातील स्मृती (मेमरी) महाग असल्यामुळे त्यात खऱ्या वाद्यांचे मुख्यतः छोटे आरंभ साठवले होते आणि पुढचा लांबणारा स्वर यंत्र स्वतः घडवीत असे. कान एवढ्याने फसतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

कापण्याची जागा ठरली तरी पडद्यावर दिसणारा आवाजाचा तरंग मध्यरेषा ओलांडतो तेथेच काप घ्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक वेळी एक आगंतुक ‘टिक्’ ऐकू येते. आवाजाची पातळी वाढवण्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. आवाजाबरोबर खोलीची घरघरही तेवढीच वाढते, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

स्वर बदलताना मात्र आरंभाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. साध्या पद्धतीत एक सप्तक खाली उतरणे म्हणजे मुद्रण निम्म्या वेगाने वाचणे. त्यामुळे वीस मिलिसेकंदांची नजरचूक चाळीसची होते आणि कडीचा खटका तुरुंगाच्या दरवाजाइतका जड होतो. अवधी न बदलता स्वर बदलण्याची सोय आता सर्रास मिळते. पण ती बेतानेच वापरावी, कारण फार ताणले की सर्वांत आधी आघातच पुसट होतो.

ठरावीक पातळी ओलांडताच मुद्रण आपोआप सुरू करण्याची सोयही बहुतेक यंत्रांत असते. तबल्याच्या थापेसाठी ती उत्तम आहे. बासरीचा स्वर लागण्यापूर्वी येणारी फुंकर मात्र त्या पातळीखालीच राहते आणि यंत्र तिला आवाजात धरत नाही. म्हणून मी ती सोय बंद ठेवतो आणि कात्री हातात घेतो.