रावेरच्या केळीबागेत सिट्राचं पाकीट

भुसावळला गाडी बदलली तेव्हा सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण मे महिन्याच्या उन्हाने फलाटावरचा बाक आताच बसू देत नव्हता. मांडीवर मोठ्या तोंडाचा थर्मास, त्यात बर्फ आणि बर्फात चंदेरी पाकिटात शंभर ग्रॅम सिट्रा. सिट्रा ही हॉपची एक जात, आणि हॉप म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलाची फुलं. पुण्यात मी एका मायक्रोब्रुअरीत बीअर बनवते. आमच्या बीअरला फळांचा वास येतो आणि त्यात फळ नसतं, हे मामांना दोन वर्षं सांगत होते. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळी सुरू होते. दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता. मामांची मागच्या जूनमधली मृगबाग कापणीला आली होती. कडेने शेवरीचं दाट कुंपण, त्यामुळे बाहेर झळा लागत असताना आत ओलसर गारवा.

पाकीट तिथे उघडलं नाही. एकदा हात पोळले आहेत. पुण्यात एका पुरवठादाराकडून आलेले हॉप्स उन्हाळाभर तापलेल्या गोदामात पडून होते. फोडल्यावर जुन्या चीजचा कुबट वास आला आणि अख्खा माल परत करावा लागला. हॉपमधली तेलं उष्णतेने आणि हवेने बिघडतात, म्हणून पाकीट हवा काढून बंद करतात आणि फ्रीझरमध्ये ठेवतात.

मामा म्हणाले, ‘मग चल, गार जागी जाऊ.’ त्यांच्या ओळखीच्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. आत सतरा अंशांच्या आसपास तापमान, फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडलेला, क्रेटमध्ये हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत फण्या. मालक सांगत होते, केळी तेरा अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते. माझं पीक शून्याच्या खाली खूश असतं, हे ऐकून ते दोनदा ‘बरं?’ म्हणाले.

चेंबरच्या बाहेरच्या गार खोलीत पाकीट फोडलं. फुलं दळून दाबलेल्या, गुरांच्या ढेपेच्या गोळ्यांसारख्या बारीक हिरव्या गोळ्या. मामींनी एक तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरडली. पिवळसर, चिकट भुकटी हाताला लागली. ते ल्युपुलिन, वास आणि कडवटपणा दोन्ही त्यातच. मामींनी हात नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

‘अवं माय, हा तर कैरीचा चीक! देठ मोडल्यावर उडतो ना, तो. आणि मागून पपनसाची साल.’

मला तिथेच त्यांना मिठी मारावीशी वाटली. सिट्राच्या तेलात सर्वात जास्त असतं ते मायर्सीन नावाचं वासाचं द्रव्य, आणि ते आंब्यातही असतं. हे मी पुस्तकातून शिकले होते. मामींनी ते नाकाने सांगितलं.

‘हे उकळतेस ना? मग वास राहतो कसा?’ त्यांचाच पुढचा प्रश्न. नेमका. तासभर उकळलं तर वास वाफेवर निघून जातो, कडवटपणा तेवढा उरतो. म्हणून असले वासाचे हॉप्स आम्ही उकळी थांबल्यावर टाकतो, आणि बरेचसे तर बीअर आंबून झाल्यावर, गार टाकीत. मामी म्हणाल्या, ‘म्हणजे शेवभाजीवरची कोथिंबीर.’

मामांचं मन मात्र लागवडीकडे. केळीच्या दोन ओळींमध्ये हा वेल लावला तर? वेल पाच-सहा मीटर उंच तारेवर चढतो म्हटल्यावर त्यांनी लगेच बांबूचा हिशेब सुरू केला. मला वाईट वाटलं, पण सांगावं लागलं. हॉपला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडक थंडीची झोप. अमेरिकेतलं याकिमा, जर्मनीतलं हालरटाऊ हे पट्टे ४६ ते ४९ अक्षांशांत येतात. रावेर २१ वर. इथला सर्वात मोठा दिवस जेमतेम साडेतेरा तासांचा. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये तो पिकतो. मामा गप्प झाले. मग म्हणाले, ‘आणि केळीचा वास येणारी बीअर?’

ती असते, आणि तिचं श्रेय हॉपला नाही. जर्मन गव्हाच्या बीअरमधलं यीस्ट आंबताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं वासाचं द्रव्य तयार करतं. पिकल्या केळीच्या वासातही तेच मुख्य. आपल्या मालाचा वास एका जंतूलाही जमतो, हे मामांनी शेजारच्या दोघांना बोलावून पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं.

उरलेलं पाकीट रात्री मामींच्या फ्रीझरमध्ये मटारशेजारी राहिलं. सकाळी उठले तर थर्मासमध्ये नवा बर्फ भरून तयार. परतीच्या गाडीत चवीची वही काढली. सिट्रासमोर इतकी वर्षं ‘ट्रॉपिकल फ्रूट’ लिहिलेलं होतं. ते खोडून लिहिलं: कैरीचा चीक, पपनसाची साल.