ट्यूक्सबरी : पाण्यानं अडवलेलं गाव

इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीला जाणार असाल तर स्टेशनचं नाव नीट वाचा : 'ॲशचर्च फॉर ट्यूक्सबरी'. गाव तिथून दोनेक मैल लांब. आम्ही बसला कंटाळून चालत निघालो. रस्ता रटाळ निघाला, तेव्हा बसची वेळ आधीच बघून ठेवा. रविवार टाळलेला बरा.

सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांच्या संगमावरचं हे गाव. भोवती पुराची कुरणं, पसरायला जागा नाही. म्हणून लोक घरामागे घर बांधत गेले आणि मधे अरुंद बोळ उरले. तीसेक अजून आहेत. एका बोळात जुनं बॅप्टिस्ट प्रार्थनाघर आहे, आम्ही त्याच्यासमोरून दोनदा तसेच पुढे गेलो.

इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी लढत होती, तेव्हा १४७१ च्या मे महिन्यात लँकेस्टरच्या राणी मार्गारेटची फौज याच पाण्यापाशी अडली. तिला सेव्हर्न ओलांडून वेल्स गाठायचं होतं. वाटेतल्या ग्लॉस्टर शहरानं वेशीच उघडल्या नाहीत. दमलेली माणसं नदी ओलांडायची जागा शोधत इथवर आली आणि मागोमाग यॉर्कचा राजा चौथा एडवर्ड. ४ मे रोजी लढाई झाली, राणीचा सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला. पळणारे जिथं कापले गेले ते कुरण अजून 'ब्लडी मेडो' म्हणूनच ओळखलं जातं. रणभूमीवरून खुणांची पायवाट आहे. पण पावसाळी बूट हवेतच, माझे कापडी बूट दुपारपर्यंत कामातून गेले.

ॲबीला, म्हणजे इथल्या जुन्या मठाच्या चर्चला, मात्र दोन तास द्या. ११२१ साली तिचा अभिषेक झाला. प्रचंड नॉर्मन मनोऱ्याखाली उभं राहिलं की बोलणं आपोआप हळू होतं. हरलेल्या बाजूचे सरदार इथं आश्रयाला आले, त्यांना बाहेर काढून ६ मे रोजी गावात शिरच्छेद केला. आणि वर छतावर जिंकलेल्या यॉर्क घराण्याचं चिन्ह, सोनेरी सूर्य! छोटी दुर्बीण असेल तर न्या, मान कमी दुखते. एका दाराला आतून ठोकलेले पत्रे त्या लढाईतल्या चिलखतांचे आहेत असं सांगतात. दार बंद असतं, तिथल्या स्वयंसेवकांना विचारून बघा.

१५४० मध्ये मठ बंद झाल्यावर गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून हे चर्च विकत घेतलं. आत जायला तिकीट नाही, पेटीत काहीतरी टाका.

निघण्याआधी पुराचा इशारा तपासा, फक्त हिवाळ्यातच नाही. जुलै २००७ मध्ये गावाचं बेट झालं होतं आणि पाणी थेट ॲबीत शिरलं होतं.